कॉमेंट्री बंद करा, माइक आजींच्या हातात द्या

दक्षिण ऑकलंडमधल्या एका शाळेच्या पालक समितीवर असलेल्या एका मराठी ताईंनी विचारलंय. शाळेत सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशाकडची, मुलं बरीच आहेत. मेच्या अखेरीस सामोअन भाषा सप्ताह येतो आणि त्याला लागूनच १ जूनचा सामोआचा स्वातंत्र्यदिन. यांनी बैठकीत सहज म्हटलं, "जुन्या फिल्म दाखवूया का?" झालं, काम यांच्याच गळ्यात पडलं. आता हॉल मिळालाय, प्रोजेक्टर आहे, तासभर वेळ आहे आणि प्रश्न चार आहेत. कोणती फिल्म? कुठून आणायची? आपल्याला भाषा येत नाही, मग कसं करायचं? आणि बाहेरच्या माणसांनी यात पडावं का?

मी मूळचा पुण्याचा. वीस-बावीस वर्षं वेलिंग्टनमध्ये जुन्या फिल्म आणि टेप सांभाळण्याचं काम केलं, त्यातली बरीच पॅसिफिक बेटांची. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. सामोआच्या जुन्या फिल्ममध्ये सामोअन भाषा जवळपास नसते. ऐकायला विचित्र वाटेल, पण डबे उघडून बघा. १९२०-३० च्या दशकातल्या फिल्म मुक्या, वर इंग्रजी पाट्या. नंतरच्या सरकारी माहितीपटांत आवाज आहे, पण तो वेलिंग्टनच्या स्टुडिओत बसलेल्या एखाद्या गृहस्थाचा, खर्जातला, इंग्रजी. पडद्यावर माणसं बोलताना दिसतात, ओठ हलतात, हसतात, भांडतात, आणि ऐकू येतं काय, तर कोको आणि केळ्यांच्या निर्यातीबद्दलचं भाषण. घरगुती फिल्मना तर आवाजच नव्हता. तेव्हा 'फिल्म लावली की भाषेचा उत्सव झाला' असं होत नाही. भाषा हॉलमध्ये बसलेल्या माणसांच्या तोंडात असते. फिल्मचं काम ती बाहेर काढायचं.

हे मला कुणी शिकवलं नाही, फजितीतून कळलं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका चर्चच्या हॉलमध्ये मी असाच कार्यक्रम केला. पन्नाशीच्या दशकातली एक सरकारी फिल्म, आवाज पूर्ण चढवलेला, वर माझं स्वतःचं प्रास्ताविक. पहिल्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, त्या सबंध वेळ शेजारच्या नातवाच्या कानात पुटपुटत होत्या. मला राग येत होता, खोटं कशाला बोलू. कार्यक्रम संपल्यावर नातवाला विचारलं, आजी काय म्हणत होत्या? तो म्हणाला, प्रत्येक वस्तूचं नाव सांगत होती, आणि हे आमच्याकडे असं करत नसत, तसं करत, असंही. म्हणजे ज्या कार्यक्रमासाठी मी एवढी खटपट केली होती, तो खरा कार्यक्रम पहिल्या रांगेत चालू होता आणि मी लाउडस्पीकरने तो बुडवत होतो. पुढच्या वेळी आवाज बंद केला आणि माइक आजींकडे दिला.

आपल्याकडे मूकपटांच्या काळात पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा, गोष्ट समजावून सांगणारा माणूस थिएटरात असायचा ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे तो माणूस फिल्ममधल्या गावचा आहे.

आता फिल्म कोणती ते बघू. यादी मोठी करू नका. एका तासात बारा-पंधरा मिनिटांच्या वर फिल्म दाखवू नये, बाकीचा वेळ बोलण्याचा.

पहिलं नाव कुणीही घेईल ते 'मोआना'चं. डिस्नेची नव्हे, १९२६ ची. रॉबर्ट आणि फ्रान्सिस फ्लॅहर्टी या अमेरिकन जोडप्याने १९२३-२४ मध्ये सावाई बेटावरच्या साफुने गावात राहून ती केली. जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश समीक्षकांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात तिचं परीक्षण लिहिलं आणि तिला 'डॉक्युमेंटरी' मोल आहे असं म्हटलं. चित्रपटाला तो शब्द चिकटला तो तिथून. गंमत अशी की जिच्यामुळे शब्द आला त्या फिल्ममध्ये पुष्कळ काही रचलेलं आहे. १९२३ चे साफुनेकर मिशनऱ्यांच्या शिकवणीप्रमाणे अंगभर कपडे घालत, चर्चला जात. कॅमेऱ्यासाठी त्यांना सालीच्या कापडाचे जुने पोशाख नेसवले, बायकांना उघड्या अंगाने उभं केलं. पडद्यावरचं कुटुंबही जमवलेलं. पण नायक झालेल्या ताआवालेच्या अंगावरचं गोंदण खरं. कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा 'पेआ' त्याने खराखुरा सोसला. तेव्हा 'खोटी फिल्म' म्हणून ती झटकून टाकू नका, आणि 'शंभर वर्षांपूर्वी लोक असेच राहत' असं मुलांना सांगूही नका.

उघड्या अंगाच्या बायका हा प्रश्न शाळेत आणि चर्चमध्ये हमखास येतो. अख्खी फिल्म लावायचीच नाही, तुकडे निवडायचे. माझी निवड गेली कित्येक वर्षं दोनच तुकड्यांची आहे: पेआ नावाचा छोटा मुलगा उंच माडावर चढतो तो, आणि आई तुउङाइता सालीचं कापड करते तो. (हो, मुलाचं नाव आणि गोंदणाचं नाव एकच. मुलं हे लगेच पकडतात.) हे तुकडेही आधी स्वतः पाहा, मग शाळेतल्या सामोअन शिक्षिकेला दाखवा, आणि जिथे कापायचं तिथे कापा.

कापडाचा तुकडा का, ते जरा जवळून सांगतो. पडद्यावर दिसतं एवढंच: बाई काठीवरची साल ओढून काढते, आतली साल बाहेरच्या सालीपासून सोडवते, शिंपल्याने खरवडते, लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून बडवते, साल रुंद होत जाते. मुकी फिल्म. आता हॉलमधल्या बायका बोलू लागतात. त्या झाडाचं नाव 'उआ', ते तुतीच्या जातीचं. बडवायचं ते 'इए', ज्याच्यावर बडवायचं तो ओंडका 'तुतुआ'. भोक पडलं तर ठिगळ लावायला 'मासोआ' नावाच्या कंदाची खळ. नक्षी उठवायची फळी ती 'उपेती', आणि तयार झालं ते 'सिआपो'. दोन मिनिटांच्या तुकड्यात अर्धा डझन शब्द, आणि ते शब्द पुस्तकातून आले नाहीत, हात हलताना बघून आले. एकदा एक बाई मध्येच उठून म्हणाल्या, ती चुकीच्या टोकाने ओढतेय. त्यावर दुसऱ्या गावच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे त्याच टोकाने ओढतात. वीस मिनिटं वाद, सगळा सामोअनमध्ये. मला अवाक्षर कळलं नाही, आणि मी केलेल्या कार्यक्रमांतला तो सगळ्यात चांगला कार्यक्रम.

या फिल्मची एक बोलकी प्रतही आहे. चित्रीकरणाच्या वेळी फ्लॅहर्टींची मुलगी मोनिका तीनेक वर्षांची होती. ती १९७५ मध्ये छायाचित्रकार रिचर्ड लीकॉक यांना घेऊन पुन्हा सावाईला गेली, तिथल्या लोकांकडून संवाद बोलून घेतले, गाणी आणि आसपासचे आवाज टिपले आणि जुन्या चित्रावर बसवले. २०१४ मध्ये त्या प्रतीची नीट दुरुस्ती झाली. म्हणजे चेहरे १९२४ चे आणि आवाज १९७५ चे. मुलांना हे आधी सांगा, फार आवडतं त्यांना. पण माझं मत विचाराल तर शाळेसाठी मुकी प्रतच बरी. बोलकी प्रत लावली की हॉल गप्प बसतो आणि ऐकत राहतो.

दुसरी खाण न्यूझीलंडच्या सरकारी फिल्मची. नॅशनल फिल्म युनिट १९४१ मध्ये सुरू झालं आणि जवळजवळ पन्नास वर्षं चाललं. सामोआ तेव्हा न्यूझीलंडच्या ताब्यात, त्यामुळे त्यांचा कॅमेरा तिकडे जाणारच. शोधताना 'सामोआ' एवढंच टाकून थांबू नका. १९९७ पर्यंत देशाचं अधिकृत नाव वेस्टर्न सामोआ होतं, जुन्या नोंदी त्याच नावाखाली आहेत. स्पेलिंगचाही घोळ असतो: सामोअन लिहिण्यात 'जी' अक्षराचा उच्चार ङ, तो इंग्रजांच्या कानाला 'एनजी' वाटला, म्हणून एकाच गावाची दोन-दोन स्पेलिंगं. सरकारी फिल्मचा मूळ साठा आर्काइव्ह्ज न्यूझीलंडकडे, टीव्ही-रेडिओ आणि घरगुती फिल्मचा मोठा साठा ङा ताओङा साउंड अँड व्हिजन या संग्रहाकडे. आणि घरबसल्या फुकट बघायला एनझेड ऑन स्क्रीनची साइट सगळ्यात सोपी. हॉलमध्ये दाखवायची परवानगी मात्र वेगळी मागावी लागते. साइटवर दिसतंय म्हणजे लावलं, असं करू नका. एक ईमेल टाका, शाळेसाठी आहे म्हणा. आठवडा-दोन आठवडे आधी विचारलंत तर सहसा अडत नाही.

या सरकारी फिल्म कशा बघायच्या याबद्दल दोन शब्द, कारण तिथे नुसती कौतुकाची नजर चालत नाही. न्यूझीलंडने २९ ऑगस्ट १९१४ ला जर्मनांकडून सामोआ घेतलं. ७ नोव्हेंबर १९१८ ला 'तालुने' हे जहाज ऑकलंडहून राजधानी आपियाच्या बंदरात आलं. त्यावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण होते, विलगीकरण केलं नाही. सुमारे ८,५०० माणसं गेली, लोकसंख्येच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवलं आणि तिथे एकही माणूस दगावला नाही. मग न्यूझीलंडच्या सत्तेविरुद्धची 'माउ' चळवळ, कमरेला गुंडाळायची निळी लावालावा आणि तिच्यावरचा पांढरा पट्टा, 'सामोआ मो सामोआ', म्हणजे सामोआ सामोअनांचा, ही घोषणा. २८ डिसेंबर १९२९ च्या शनिवारी आपियात शांततेच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यात चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे गेले. जून २००२ मध्ये पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी आपियात जाऊन माफी मागितली.

सरकारी फिल्ममध्ये यातलं काही सापडायचं नाही. तिथे शाळा, दवाखाने, रस्ते आणि हसणारी मुलं. पण हॉलमधल्या म्हाताऱ्यांच्या घरात ते आहे. १९१८ साली कुणाची पणजी गेली हे घराघरात सांगितलं जातं. त्यामुळे फिल्म चालू असताना कुणी एकदम गप्प झालं, किंवा कुणी भलतंच बोलू लागलं, तर 'आपला विषय तो नाही' असं म्हणून तोडू नका.

आणि स्वातंत्र्याची दृश्यं असतील तर ती शेवटी ठेवा. १ जानेवारी १९६२ ला सामोआ स्वतंत्र झालं, आपियातल्या मुलिनुउला झेंडा चढला. (साजरा जूनमध्ये करतात, जानेवारी तिकडे पावसाचा.) तेव्हा राष्ट्रप्रमुखपद दोघांकडे मिळून होतं. त्यातले एक तुपुआ तामासेसे मेआओले, १९२९ च्या गोळीबारात गेलेल्या तामासेसेंचे भाऊ. हे नातं माहीत असलं की झेंड्याचं चित्र वेगळं दिसतं. मुलांना फक्त एवढंच सांगा, त्यांना कळतं.

इथेच नावांच्या भानगडीबद्दल सांगून टाकतो. 'तामासेसे' हे आडनाव नाही, पदवी आहे. सामोअन समाजात घराण्याची पदवी मिळाली की माणूस 'मताई' होतो आणि त्या पदवीने ओळखला जातो. १९५० च्या फिल्ममधला पोरगेला माणूस आणि १९७० च्या टेपमधला भारदस्त वक्ता एकच असू शकतो, संग्रहाच्या नोंदकार्डांवर मात्र दोन नावं. उलट, एकाच पदवीखाली तीन पिढ्यांची तीन माणसं. सूचीकारांनी यात फार घोळ घातलेत. कुणी आजोबांना ओळखलं तर जन्मनाव, पदवी आणि गाव अशा तिन्ही गोष्टी लिहून घ्या. गाव नसेल तर पदवीचा अर्ध्याहून जास्त उपयोग गेला समजा.

आता भाषेकडे. तुम्हाला सामोअन येत नाही म्हणता, पण मराठी माणसाला एका बाबतीत इथल्या गोऱ्यांपेक्षा सोपं आहे. सामोअनमध्ये इंग्रजी 'जी' लिहिलेला दिसतो त्याचा उच्चार ङ. क ख ग घ ङ म्हणताना आपण जो ङ घाईघाईत उरकतो आणि पुढे 'वाङ्मय' सोडला तर कुठे वापरत नाही, तो यांच्याकडे शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. भाषेला म्हणतात 'ङाङाना'. दोन्ही ङ. 'गगाना' म्हटलंत तर चालून जाईल, पण 'ङाङाना' म्हटलंत तर पहिल्या रांगेतल्या भुवया वर जातील, चांगल्या अर्थाने.

दुसरी गोष्ट लांबी आणि गळ्यातला अडथळा. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला नवं नाही: 'तामा' मधला शेवटचा आ आखूड ठेवला तर मुलगा, लांबवला तर वडील. शब्दाच्या मध्ये श्वास क्षणभर अडतो तो वेगळाच. 'फाइ' म्हणजे करणे, आणि फा म्हणून गळा किंचित बंद करून मग इ म्हटलं की केळं. लिहिताना यासाठी उलटा स्वल्पविराम आणि अक्षरावर आडवी रेघ वापरतात, आणि पोस्टरवर दोन्ही गळतात. पोस्टर छापायच्या आधी शिक्षिकेकडून तपासून घ्या. मी एकदा नाही घेतलं.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. सामोअन दोन तऱ्हांनी बोलली जाते. चर्च, शाळा, बातम्या, परक्यांशी बोलणं यांत त आणि न चालतात, तिला म्हणतात 'ताउताला लेलेइ', चांगलं बोलणं. घरात, मित्रांत, बाजारात तोच त चा क होतो आणि न चा ङ होतो, तिला म्हणतात 'ताउताला लेआङा', शब्दशः वाईट बोलणं. नाव वाईट असलं तरी घराघरातली जिवंत भाषा तीच, आणि गावच्या सभेतले मताईसुद्धा तिच्यात बोलतात. १८३० मध्ये मिशनरी आले, त्यांनी लिहायला त घेतला, १८५५ पर्यंत अख्खं बायबल झालं, आणि छापील भाषा ती ठरली. आता हॉलमध्ये एखादे आजोबा फिल्म बघून मोकळे होतात आणि क मध्ये बोलू लागतात. तुमच्या रेकॉर्डिंगवरून कुणी उत्साही मुलगा लिहून काढतो आणि सगळीकडे त घालून 'शुद्ध' करतो. ते करू देऊ नका. जसं बोलले तसं लिहा. आपल्याकडे मालवणी आजीची मुलाखत पुणेरी करून छापली तर काय उरेल?

आणि आदराची भाषा. आपण 'तो आला' आणि 'ते आले' यावर थांबतो, कधीतरी 'पधारले' म्हणतो. सामोअनमध्ये शब्दच बदलतात, आणि समोरचा कोण यावर बदलतात. साधं येणं 'साउ'. मोठा सरदार, म्हणजे 'अलिई', येतो तेव्हा 'आफिओ माई'. वक्ता सरदार, म्हणजे 'तुलाफाले', येतो तेव्हा 'मालिउ माई'. घर 'फाले', पण अलिईचं 'माओता' आणि तुलाफालेचं 'लाओआ'. खाणं 'आई', थोरांचं 'ताउमाफा'. सबटायटल करणाऱ्यांची इथे हमखास दांडी उडते. सरदारांच्या पंगतीवर 'आई' लिहिणं म्हणजे महाराज जेवायला बसलेत आणि खाली पाटी 'खातोय'. मुलांनी शिकायला हे सोनं आहे. एकच दृश्य, कोण जेवतंय ते बदला आणि विचारा, आता शब्द कोणता?

प्रत्यक्ष कार्यक्रम मी असा करतो. सुरुवातीला छोटी प्रार्थना, ती त्यांच्यातल्या कुणी म्हणायची. प्रार्थनेशिवाय सामोअन कार्यक्रम सुरू होत नाही, घड्याळाकडे बघू नका. मग तुकडा एकदा पूर्ण शांततेत. आवाज नाही, सबटायटल नाही, तुम्हीही नाही. तोच तुकडा दुसऱ्यांदा, आता माइक म्हाताऱ्यांकडे आणि बोलणं सामोअनमध्ये. ज्या मुलांना कळत नाही त्यांना न कळू दे. न्यूझीलंडमध्ये इंग्रजी आणि माओरीनंतर सगळ्यात जास्त बोलली जाणारी भाषा सामोअन आहे, २०१८ च्या जनगणनेत लाखाहून जास्त बोलणारे होते, तरी इथे वाढलेल्या पुष्कळ मुलांना ती ऐकून समजते पण बोलता येत नाही. पाच मिनिटं इंग्रजीशिवाय बसणं त्यांना जड जात नाही. तिसऱ्यांदा लावताना मुलांनी विचारायचं, 'ओ ले आ ले मेआ लेआ?' हे काय आहे? हे एक वाक्य आधी आठवडाभर वर्गात घोकून घ्या. इंग्रजी सगळ्यात शेवटी, कुणी मागितलं तरच.

जुनी मुकी फिल्म चुकीच्या वेगाने धावते ते आधी बघून ठेवा. तेव्हा सेकंदाला सोळा-अठरा चित्रं टिपत, आता चोवीसने लावली की माणसं तुरुतुरु पळतात आणि मुलं हसतात. मुलं आपल्याच पणजोबांना हसतायत हे बघून म्हाताऱ्यांना काय वाटत असेल, विचार करा.

हॉलमधले रिवाज तुम्हाला परके वाटणार नाहीत. बसलेल्या थोरांसमोरून जाताना वाकून 'तुलोऊ' म्हणायचं. उभं राहून खायचं नाही. जमिनीवर बसलात तर थोरांकडे पाय करायचे नाहीत, लांब करावेच लागले तर चटईने झाकायचे. खाण्याचं त्यांच्यावर सोपवा, पण पालुसामी चाखाच. अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचा दाट रस. आपल्या लोकांना पहिल्या घासाला ओळख पटते. आणि उमूची, म्हणजे तापल्या दगडांवरच्या स्वयंपाकाची फिल्म असेल तर नीट बघा: नारळ खवणारे, पिळणारे, पानं रचणारे सगळे तरुण पुरुष. एका जुन्या कार्डावर मी 'स्थानिक लोक अन्न शिजवताना' एवढंच वाचलं होतं. हॉलमध्ये दाखवल्यावर कळलं की तो रविवारच्या जेवणाचा, 'तोओनाई'चा उमू आहे आणि पोरं पदवी नसलेल्या तरुणांच्या मंडळातली, 'आउमाङा'तली आहेत. कार्ड बदललं.

बाहेरच्यांनी करावं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. खुर्च्या लावा, वायरी जोडा, परवानग्या आणा, चहा करा. तुकडे कोणते, कोण बोलणार, काय दाखवायचं नाही, हे मात्र शाळेतल्या सामोअन शिक्षिका, जवळच्या 'आओङा आमाता'मधल्या, म्हणजे सामोअन बालवाडीतल्या बाई आणि चर्चच्या पाळकांच्या पत्नी यांच्याकडे सोपवा. अंत्यविधीची किंवा गोंदण चालू असतानाची दृश्यं त्यांच्या होकाराशिवाय लावू नका. आणि रेकॉर्डिंगची परवानगी सुरुवातीला, सगळ्यांसमोर, मोठ्याने विचारा. जे टिपाल त्याची प्रत आधी घरच्यांना, मग संग्रहालयाला.

एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते ती फ्लॅहर्टींपेक्षा महत्त्वाची. सामोअन भाषेचा सगळ्यात श्रीमंत साठा कुठल्याही सरकारी इमारतीत नाही. तो दक्षिण ऑकलंडच्या गॅरेजांमध्ये, व्हीएचएसच्या खोक्यांत आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात घरोघरी कॅमेरे आले आणि लोकांनी लग्नं, मयत, मताईची पदवी देण्याचे 'साओफाई' सोहळे तासन्‌तास टिपले. त्यात वक्त्यांची 'लाउङा', म्हणजे औपचारिक भाषणं, अख्खी, न कापलेली, हातात काठी आणि खांद्यावर चवरी. असं भाषण कुठल्या माहितीपटात दोन मिनिटांच्या वर मिळणार नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या 'ताङाता पासिफिका' या टीव्ही कार्यक्रमातही नाही, त्यांना वेळेची मर्यादा.

आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारची टेप, 'लोतु तामाइती', मुलांचा रविवार. पांढरे कपडे घातलेली मुलं एकेक करून पुढे येतात आणि पाठ केलेली वचनं सामोअनमध्ये म्हणतात. मध्येच विसरतात, आई पहिल्या रांगेतून ओठ हलवून सांगते, पोरगं रडतं, लोक हसतात. आज त्या मुलांची मुलं तुमच्या शाळेत आहेत. अशी एक टेप मिळाली तर बाकी काही दाखवलं नाहीत तरी चालेल. मी एकदा लावली होती, तेव्हा चाळिशीचा एक दांडगा माणूस पडद्यावरच्या सात वर्षांच्या स्वतःबरोबर उभा राहून ते वचन न अडखळता म्हणून गेला.

कार्यक्रमाची बातमी फिरली की लोक अशा टेपा आणि कधी कधी जुनी रिळं घेऊन येतील. तिथल्या तिथे लावून बघायचा मोह आवरा. बुरशी लागलेली टेप यंत्रात घातली की यंत्रही जातं. रिळाचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आक्रसायला लागलीये, प्रोजेक्टरवर चढवली की कडेची भोकं फाटणार. असा डबा बाकीच्यांपासून वेगळा, थंड आणि कोरड्या जागी ठेवायचा. गॅरेजमध्ये तर नकोच.

दाराजवळ एक टेबल मांडा आणि तिथे बोलकं पोर बसवा. आणलेल्या प्रत्येक वस्तूसाठी एक कागद: कुणी आणली, फोन, कुणाचं काय आहे, कुठलं गाव, कुठलं साल, परत कधी हवी. कागद डब्याच्या आत कोंबू नका, दोऱ्याने बाहेरून बांधा. आणि टेबलावर पेन्सिली ठेवा, बॉलपेन नको.